कामाला पुढे, बोलायला मागे

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाचं नाव जगभर गेलं ते आज्यांमुळे. ८ मार्च २०१६ रोजी तिथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. कल्पना जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची, मदत मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टची आणि उत्साह अख्ख्या गावाचा. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन दुपारचे दोन तास वर्गात बसू लागल्या. देशोदेशीचे कॅमेरे आले. त्या फोटोंमध्ये एक व्यक्ती मात्र बहुतेक वेळा चौकटीबाहेर राहिली. आजीचा गृहपाठ करून घेणारी नात.

नातवंडं आज्यांचा अभ्यास घेतात हे बातम्यांमध्ये आलं होतं, पण गंमत म्हणून. गंमत बाजूला ठेवून त्या ओटीवर काय चाललं असेल ते पाहू. घरातलं सगळ्यात थोरलं माणूस पाटी घेऊन बसलंय आणि घरातली सगळ्यात धाकटी पोर त्याला सांगतेय, ‘आजे, वेलांटी उलटी गेली, पूस आणि परत काढ.’ चूक तर दाखवायची, पण आजीचा मान राखून. तिसऱ्यांदा तीच चूक झाली तरी चिडायचं नाही. उद्या वर्गात बाईंनी विचारलं तर आजीची फजिती व्हायला नको, ही काळजीही नातीचीच. शहरात भारी फी घेऊन ‘नेतृत्वविकास’ शिकवणारे जे शिकवतात, त्यातलं बरंचसं या पाटीवर येऊन जातं. फरक एवढाच, की इथे तिच्या शब्दाला वजन होतं, आणि वजन कशानं आलं तर आजीला ते अक्षर खरोखर हवं होतं म्हणून.

या व्याख्यानाचा सगळा मुद्दा त्या पाटीत आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना आत्मविश्वास ‘द्यायला’ दर वर्षी कोणी ना कोणी येतं. बॅनर लागतो, प्रमुख पाहुणे जिजाऊ-सावित्रीची नावं घेतात, मुलींना टाळ्या वाजवायला सांगतात आणि उन्हं कलायच्या आत ठाण्याच्या रस्त्याला लागतात. जणू या मुलींकडे काही नव्हतंच आणि ते बाहेरून पोत्यात भरून आणायचं होतं.

त्यांच्याकडे काय आहे ते आधी मोजायला हवं. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा मिळून जो साठा, त्यातला जवळपास निम्मा एकट्या भातसाचा. तानसा आणि भातसा दोन्ही शहापूर तालुक्यात. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मार्च उलटला की विहिरी तळ गाठतात आणि टँकरची वाट पाहावी लागते. टँकर आला तर रांगेत उभी राहणार मुलगी, नाही आला तर झिऱ्यावर वाटीनं पाणी भरत बसणार तीच. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, आणि शाळेची घंटा होण्याआधी घर गाठायचं. आषाढात भाताची लावणी लागली की राबातल्या मुठी खाचरात पोचवायच्या. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन वर्गाच्या दारात उभी असलेली मुलगी इथल्या कुठल्याही शिक्षकाला नवी नाही.

म्हणजे जबाबदारी भरपूर आहे. पाण्याची नळयोजना कुठून जावी, टँकर कोणत्या वेळी यावा, विहिरीला कठडा कधी बांधावा, याची चर्चा ग्रामपंचायतीत होते तेव्हा मात्र पाणी वाहणारी मुलगी तिथे नसते. ती अठराची झालेली नाही, त्यामुळे ग्रामसभेची मतदार नाही. अठराची होते तोवर बहुतेकदा तिचं लग्न ठरलेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. आधीच्या फेरीत हे प्रमाण २६.३ टक्के होतं. घट आहे, नाही असं नाही. पण पाचातली एक हा आकडा समाधान मानून घरी जावं असा नाही.

कातकरी कुटुंबांत अडचण आणखी आधी सुरू होते. दिवाळी झाली की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला अख्खं घर वीटभट्टीवर जातं. कल्याण, भिवंडी आणि त्यापलीकडे. परत येतं ते पावसाच्या तोंडावर. या काळात शाळेचं जवळजवळ एक पूर्ण सत्र आणि परीक्षा निघून जाते. मुलगा क्वचित आजोबांकडे मागे राहतो. मुलगी सहसा नाही, कारण भट्टीवर आई चिखल मळत असताना भोंग्यात, म्हणजे भट्टीवरच्या तात्पुरत्या झोपडीत, चूल आणि तान्हं मूल सांभाळणारं कोणी लागतं. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेनं १९९० च्या दशकात वसई-ठाणे भागातल्या भट्ट्यांवरच शाळा भरवल्या, त्यांचं नावच ‘भोंगाशाळा’ पडलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत तर शाळेनं मुलांपर्यंत जावं, हा त्यामागचा विचार सरकारी शाळांनाही पुढे घ्यावा लागला. प्रस्तुत वक्त्याच्या मते किशोरींसाठी आखलेल्या प्रत्येक उपक्रमाला पहिला प्रश्न हाच विचारावा: नोव्हेंबर ते मे या महिन्यांत तुमच्या यादीतल्या किती मुली गावात असतात?

दुसरा प्रश्न एसटीचा. मुरबाडला रेल्वे नाही. शहापूरला आहे, पण स्टेशन आसनगावला, आणि डोळखांब किंवा किन्हवलीकडच्या मुलीला तिचा काय उपयोग? अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो. ही योजना ग्रामीण महाराष्ट्रातल्या मुलींच्या शिक्षणाचा खरा आधार आहे, आणि तिचं कौतुक फार कमी वेळा होतं. पण नुसता पास असून भागत नाही, गाडीही हवी. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. कोरोनानं बंद पडलेल्या शाळा पुन्हा भरू लागल्या होत्या, पण जायला गाडी नव्हती. मुलगे कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून गेले. मुलीला अनोळखी दुचाकीवर कोण बसू देणार?

आजही गावोगावच्या शाळांत वक्तृत्व, कबड्डी, विज्ञानमंडळ असं जे काही शाळा सुटल्यावर भरतं, त्याला एसटीनं येणारी मुलगी नसते. तिची गाडी निघून जाते. मग शिक्षक म्हणतात, मुलींना आवड नाही.

आत्मविश्वास शिकवता येतो का, हा प्रश्न जगभरच्या अभ्यासकांना पडलेला आहे. झांबिया देशाच्या लुसाका शहरात आठवीतल्या मुलींवर झालेला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. तिथेही त्या वेळी आठवी-नववीला मुलींची गळती होत होती, फी भरायची वेळ आली की आधी मुलाचा विचार होत होता. नावा अश्रफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मुलींना दोन आठवड्यांत सहा दुपारी वाटाघाट करायला शिकवलं. आपल्याला नेमकं काय हवं ते आधी स्वतःशी ठरवायचं. समोरच्याला काय हवंय, कशाची भीती वाटतेय, ते विचारून घ्यायचं. मग दोघांचं जमेल असा रस्ता काढायचा. दुसऱ्या काही मुलींना तेवढाच वेळ एकत्र जमायला, खेळायला सुरक्षित जागा दिली, पण हे कौशल्य शिकवलं नाही. पुढच्या तीन वर्षांत वाटाघाट शिकलेल्या मुली शिक्षणात सरस ठरल्या. नुसती जागा मिळालेल्या मुलींना तेवढा फायदा झाला नाही.

इथल्या घरात हे कसं दिसेल? दहावी झालेल्या मुलीला अकरावीला तालुक्याला जायचंय. बाप ‘नाही’ म्हणतो. रडून, रुसून, जेवण टाकून काही होत नाही, कारण बापाच्या ‘नाही’च्या पोटात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत: रस्त्याची काळजी, लावणीला हात कमी पडतील ही चिंता आणि भावकी काय म्हणेल हा धाक. मुलीनं त्या सुट्या केल्या तर पहिलीवर उत्तर आहे, ‘शेजारच्या पाड्यावरच्या दोघी माझ्याबरोबर आहेत’. दुसरीवर आहे, ‘लावणीचे आठ दिवस मी येते, बाईंना सांगून ठेवते’. तिसरीवर तिच्याकडे उत्तर नाही. ते गावानं द्यायचं आहे.

इथे एक शंका रास्त आहे. शिकणं हा मुलीचा हक्क, त्यासाठी तिनं घासाघीस का करावी? करू नये, हे खरं. पण हक्क कागदावर पोचायला आणि घरात पोचायला वेगवेगळा वेळ लागतो, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला तेवढं थांबायला फुरसत नसते.

बोलणं शिकवण्याचा आणखी एक मार्ग मैदानातून जातो. ठाणे जिल्ह्यात कबड्डीला कोणाचीही शिफारस लागत नाही; गावदेवीच्या मोकळ्या जागेत चुन्याच्या रेघा मारल्या की झालं. मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये ‘परिवर्तन फॉर गर्ल्स’ या उपक्रमात अपनालय आणि महिलांवर संशोधन करणाऱ्या आयसीआरडब्ल्यू या संस्थेनं वस्तीतल्या मुलींना कबड्डीतूनच एकत्र आणलं होतं. कबड्डीच का, याचं उत्तर एक चढाई नीट पाहिली तर कळतं. सात जणी समोर उभ्या आहेत. चढाईला निघालेल्या मुलीनं मध्यरेषा ओलांडली की तिला तोंड बंद ठेवायची मुभाच नाही. ‘कबड्डी कबड्डी’ हा उच्चार स्पष्ट आणि पंचांना ऐकू जाईल असा सतत चालू हवा, दम तुटला की चढाई गेली. जन्मभर ‘हळू बोल, पोरीच्या जातीनं ओरडू नये’ असं ऐकलेल्या मुलीला अख्ख्या गावासमोर मोठ्यानं ओरडत परक्या अंगणात शिरायचं असतं. दुसऱ्या बाजूच्या मुलींनी हातात हात घालून साखळी धरलेली असते. कोपऱ्यातलीनं खूण केल्याशिवाय साखळी मिटत नाही. ती खूण करणारी कधीकधी संघातली सगळ्यात बुटकी असते, आणि तिचं सगळ्या ऐकतात.

खेळानं एकदम क्रांती होते असं कोणी समजू नये. मैदानावर साखळी धरणारी मुलगी घरी भावाचं ताट उचलतेच. पण शरीर आपलं आहे, ते वापरायला लाजायचं कारण नाही, हे तिला पुस्तकातून कळलं नसतं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक घेऊन आली. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतले पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले, त्यांत मनीषा धुर्वे होती. मोरोशीच्या किंवा कसाऱ्याकडच्या आश्रमशाळेतल्या मुलीला ही नावं सांगताना मात्र एक जोडायला विसरू नये: या मुलींना आधी कोणी तरी रोज सकाळी मैदानावर नेत होतं.

शरीर आपलं आहे, या वाक्याची परीक्षा शहापुरात जुलै २०२५ मध्ये झाली. एका खासगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. मग कोणाकोणाला पाळी आली आहे हे शोधण्यासाठी मुलींना कपडे उतरवायला लावून तपासल्याची तक्रार झाली. पालक शाळेवर धडकले, पोक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला, मुख्याध्यापिकेला अटक झाली, विधिमंडळात विषय गाजला. या सगळ्या गदारोळात एका गोष्टीकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. मुलींनी घरी येऊन सांगितलं. पाळी हा विषय घरात बापासमोर निघत नाही, शाळेच्या विरोधात तोंड उघडणं म्हणजे पुढच्या गुणांशी खेळ, आणि ‘तूच काही तरी केलं असशील’ हे उत्तर बहुतेक वेळा तयार असतं. तरी त्या बोलल्या, आणि घरच्यांनी ऐकलं. नेतृत्व म्हणून जे काही असेल ते याच्यापेक्षा फार वेगळं नसावं. स्वतःवर झालेली गोष्ट ‘आपल्यावर’ झालेली गोष्ट म्हणून मांडायची, आणि ती मांडताना भिऊन थांबायचं नाही.

महाराष्ट्राला हे नवं नाही. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेनं साधारण चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखांवर निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. जेमतेम तीन वर्षं शाळेत बसलेली मुलगी धर्माला आणि सत्तेला जाब विचारते. हे मुक्तेच्या बुद्धीचं श्रेय आहेच. पण लिहिल्यावर ते छापण्यायोग्य आहे असं मानणारी मोठी माणसं तिच्याभोवती होती, हेही तितकंच खरं. आज तालुक्यातल्या शाळांत निबंधस्पर्धा होतात. त्यात ‘माझी शाळा’ आणि ‘पाणी वाचवा’ हे विषय असतात. ‘आमच्या पाड्यावर पाणी का नाही’ हा विषय कधी दिला गेला तर निबंध ग्रामसेवकाकडे पाठवावा लागेल, म्हणून बहुधा देत नसावेत.

मोठ्या बायका पुढे दिसल्या की मुलींचं काय होतं, याचा पुरावा आता आकड्यांतही आहे. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या ४९५ गावांचा अभ्यास २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. जिथे आरक्षणामुळे लागोपाठ दोन निवडणुकांत सरपंचपद स्त्रीकडे गेलं, तिथे किशोरवयीन मुला-मुलींच्या आकांक्षांमधली दरी ३२ टक्क्यांनी कमी झाली होती, आणि शिक्षणातली दरी तर पुसली गेली होती. त्या सरपंचांनी मुलींसाठी खास काही केलं असंही नाही. मुलींना त्या दिसत होत्या. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये स्त्रियांना ५० टक्के आरक्षण २०११ मध्ये आलं, म्हणजे आज पंधरा वर्षांच्या मुलीनं बाईला सरपंचाच्या खुर्चीत बसलेलं लहानपणापासून पाहिलं असायला हवं. पाहिलंय का? अनेक ठिकाणी तिनं खुर्चीत बसलेला सरपंचपती पाहिलाय आणि सही करणारी सरपंच चहा ठेवताना. आरक्षणाचा हा अर्धवट धडा मुली अचूक शिकतात.

सुदैवानं या दोन तालुक्यांत दुसरे धडेही आहेत. मुरबाडमध्ये इंदवी तुळपुळे आणि श्रमिक मुक्ती संघटनेनं ठाकर, कातकरी कुटुंबांच्या जमिनीसाठी, वनहक्कांसाठी वर्षानुवर्षं काम केलं. काळू नदीवरच्या धरणाचं काम वनविभागाची मंजुरी न घेताच सुरू झालं, तेव्हा संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये कामाला स्थगिती मिळाली. गाव बुडणार म्हणून रस्त्यावर आलेल्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. त्या वेळी त्यांच्या कडेवर असलेल्या मुली आता दहावीच्या आसपास आहेत. आपली आई साहेबाशी बोलताना खाली बघत नाही, हे त्यांनी घरातच पाहिलंय.

कायद्यानंही जागा करून ठेवल्या आहेत. शहापूर तालुका पूर्णपणे आणि मुरबाडमधली काही गावं अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तिथे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार पाड्यालाही स्वतःचं गाव म्हणून ग्रामसभा घेता येते. चारशे माणसांच्या सभेत गप्प बसणारी बाई साठ जणांच्या सभेत बोलते, हा साधा अनुभव आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं ग्रामपंचायत कायद्यानं बंधनकारक आहे. शाळा व्यवस्थापन समितीत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी घ्यायचे असतात. शाळांतून मीना-राजू मंच हे मुलामुलींचे गट आहेत. बालविवाह रोखण्याची जबाबदारी गावात ग्रामसेवकावर आहे आणि १०९८ हा मदतीचा क्रमांक लहान मुलांसाठी दिवसरात्र चालू असतो.

यातल्या बऱ्याच गोष्टी रजिस्टरात राहतात. महिला सभेच्या नोंदवहीवर अंगणवाडी सेविका घरोघरी फिरून सह्या घेऊन येते, समितीतली विद्यार्थिनी म्हणजे पहिल्या बाकावरची हुशार मुलगी, जिला बैठकीचा निरोपच जात नाही. मीना-राजू मंचाची मुलं पाहुणे आले की स्वागतगीत म्हणतात. मंच गाणं म्हणण्यासाठी नसून शाळेत न येणाऱ्या मैत्रिणीच्या घरी जाण्यासाठी काढला होता, हे कोणी त्यांना सांगत नाही.

म्हणून नवी योजना मागण्याआधी जुन्या तीन-चार गोष्टी या सभागृहातल्या मंडळींना हाती घेता येतील. मुलींचे उपक्रम शाळेच्या वेळेत घ्या, आणि ते जमत नसेल तर शेवटच्या गाडीची वेळ बदलून घ्यायला मुख्याध्यापक, सरपंच आणि मुलींनी मिळून एसटीच्या आगाराकडे अर्ज द्यावा. अर्ज मुलींनी लिहू द्या, सही त्यांची घ्या, आणि उत्तर आलं की वर्गात वाचून दाखवा. नकार आला तरी वाचून दाखवा. नकाराला काय उत्तर द्यायचं हेही शिकावं लागतं. भट्टीवर जाणाऱ्या मुलींची यादी दिवाळीआधी करा आणि त्यांच्यातली एखादी तरी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहील यासाठी घरच्यांशी बसून बोला. पाण्याच्या समितीची बैठक झिऱ्यावर घ्या, पाणी भरायच्या वेळी.

आणि ग्रामसभा. येत्या ग्रामसभेच्या आधी महिला सभा कधी आहे, हे उद्या सकाळी ग्रामसेवकाला विचारा. त्या सभेला आपल्या घरातली, शेजारची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी बरोबर न्या. तिला मत नाही, पण बोलायला बंदीही नाही. पाण्याचा विषय निघाला की आधी तिला बोलू द्या, आणि ती जे बोलेल ते तिच्या नावासकट इतिवृत्तात लिहून घ्या.